मिनिटाला चोपन्न

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मला जास्त आवडलं असतं, आणि मी ती जरा बरी लिहिली असती.

भुताखेताच्या गोष्टी अमावास्येच्या रात्री घडतात, असा रिवाज आहे. ही रविवारी घडली. सोळा नोव्हेंबर, सकाळी साडेअकराच्या सुमारास. ऊन चांगलं पडलं होतं. गडचिरोली जिल्हा, चामोर्शी तालुका, एका तलावाचा काठ. गावाचं नाव देत नाही, कारण ती माझी सासुरवाडी आहे आणि मला अजून तिथे जेवायला जावं लागतं.

आधी माझ्याबद्दल. मी चंद्रपूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वय बावन्न. पुस्तकं कोणी नेत नाही, त्यामुळे हरवतही नाहीत. दीड वर्षापूर्वी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. दुकानदार म्हणाला, इथले रस्ते पाहता माउंटन बाइकच घ्या. दोघांचंही ऐकलं.

आमच्या भागात प्रफुल नावाचा एक तरुण आहे. पहाटे सायकलवाल्यांना गोळा करून वर्धा नदीपर्यंत नेतो. त्याने माझ्या हँडलला एक मीटर लावून दिला आणि पेडलच्या दांडीला एक सेन्सर.

"काका, स्पीड पाहू नका," तो म्हणाला. "केडन्स पाहा."

केडन्स म्हणजे मिनिटाला पाय किती फेरे मारतात ते. सेन्सर म्हणजे खोबऱ्याच्या वडीएवढा काळा तुकडा. दांडीला रबरी पट्ट्याने बांधायचा. दांडी फिरली की तो जागा होतो, मोजतो आणि वरच्या मीटरला बिनतारी कळवतो. पाय थांबले की मीटरवर शून्य. पाच मिनिटं थांबले की सेन्सर झोपतो, आणि मीटरवर दोन आडव्या रेघा येतात.

एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

प्रफुलच्या मते माणसाने ऐंशी-नव्वदवर राहावं, म्हणजे गुडघे वाचतात. मी पासष्टवर असायचो, आणि तेही मीटरकडे पाहत असताना. अडीच महिन्यांत माझी साखर तिथेच राहिली आणि गुडघे गेले.

सायकल मी साळ्याला देऊन टाकली.

साळा म्हणजे घनश्याम. माझी बायको नूतन, तिचा धाकटा भाऊ. अडतीस वर्षांचा. चामोर्शी तालुक्यातच आरोग्य सेवक होता. जंगलातल्या गावांत जायचं, तापाच्या माणसांच्या बोटातून रक्त घ्यायचं, काचेवर पसरायचं, मलेरियासाठी तपासायला पाठवायचं. सूरजागडच्या खाणीच्या ट्रकांनी मोठा रस्ता खाल्ला होता आणि बाकीच्या वाटा मुळात रस्ते नव्हतेच. त्याला ही सायकल बायकोच्या खालोखाल आवडली.

एप्रिलमध्ये मी ती सासुरवाडीला नेऊन दिली, तेव्हा मी गंमत म्हणून त्याला मीटर दाखवला. आम्ही तिथल्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चक्कर मारली. तो सायकलवर, मी मागून त्याच्या मोटरसायकलवर, मीटर माझ्या हातात.

सपाटीवर ५४.

चढावर ५४.

उतारावर माणूस पाय थांबवतो. हा थांबवत नव्हता. ५४.

"अरे, गिअर बदल ना," मी म्हणालो. "एकवीस दिले आहेत कंपनीनं."

"काऊन बदलू, भाऊजी? पायाले काई तरास नाई."

लहानपणापासून तो बापाच्या काळ्या सायकलवर मासळीची टोपली घेऊन बाजारात जायचा. टोपलीतलं पाणी हिंदकळू नये म्हणून एकाच लयीत चालवायची सवय. ती मोडली नाही.

मीटर त्याने परत दिला. "तुमीच ठेवा. पाय माहे आहेत, मले समजते किती फिरून राह्यले ते."

सेन्सर मात्र सायकलवरच राहिला. काढायचा मला कंटाळा आला. मीटर मी घरी आणून फ्रिजवर ठेवला. चार्जरला लावून. त्यात वेळ दिसते आणि आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं.

अकरा ऑगस्टला, सोमवारी, घनश्याम दुपारी तीनच्या सुमारास एका रपट्यापाशी दिसला. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. पावसात पाणी त्याच्यावरून जातं. एका गुराख्याने पाहिलं. घनश्यामने सायकलवरून उतरून पाण्याकडे पाहिलं आणि परत बसला, असं तो म्हणाला.

त्यानंतर कोणी पाहिलं नाही.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. अलीकडच्या काठावर, एका दगडावर, रक्ताच्या काचांचा डबा मिळाला. कोरडा. आत तीस काचा. एकही फुटलेली नव्हती.

सायकल नाही. चप्पल नाही. माणूस नाही.

आता माझे सासरे. लटारू मेश्राम, वय सत्तरच्या पुढे. घराणं ढिवराचं, तलावाच्या आणि नदीच्या मासळीवर जगणारं. आजूबाजूला कोणी बुडालं की पोलीस आधी त्यांच्या दारात जीप उभी करायचे. चाळीस वर्षांत त्यांनी किती लोक पाण्यातून काढले ते त्यांनाही माहीत नाही. पाण्याकडे पाहून सांगायचे, इथे नाही, त्या वळणावर पाहा. आणि वळणावर असायचा.

मुलाला ते अकरा दिवस शोधत होते. नाला, नाल्याची नदी, नदीचा संगम. जाळी लावून, बांबू खुपसून, शेवटी नुसते काठाने चालत.

बाराव्या दिवशी घरी आले. हातपाय धुतले.

"पाण्यात नाई," ते म्हणाले. "असता त भेटला असता."

सासूबाईंनी ताटं वाढली. मीही जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो.

नऊ सप्टेंबर. सकाळचे सहा दहा. मी चहा ठेवला होता. नूतन झोपलेली.

फ्रिजवर... टुक असा आवाज आला.

मीटर. पाच महिन्यांत त्याने तोंड उघडलं नव्हतं. मी पाहिलं. पडद्यावर एक ओळ होती. 'केडन्स सेन्सर जोडला.'

ओळ गेली. तिच्या जागी आकडा आला.

५४.

मी चहा गाळला. साखर घातली नाही, हे आठवतं, कारण तेवढं मी शुद्धीवर होतो. बसून प्यालो. आकडा तसाच. ५४. एकदा ५३ झाला. परत ५४.

अकरा मिनिटांनी रेघा आल्या.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. दोन स्कूटर, एक मांजर. सायकल नाही.

दुसऱ्या दिवशी... सहा दहा. टुक.

तिसऱ्या दिवशीही.

घनश्याम ड्युटीवर निघायचा तो सहा दहाला.

नूतनला मी काही सांगितलं नाही. का, ते विचारू नका. सांगायला तोंड उघडायचो आणि गॅस संपत आला आहे असं काहीतरी सांगायचो.

प्रफुलला मात्र गाठलं. त्याच्या घराखाली, पोहे खाताना. म्हटलं, बाबा रे, एका मित्राचा प्रश्न आहे. सेन्सर जवळ नसताना मीटर आकडा दाखवू शकतो का?

"नाही, काका."

"दुसऱ्या कोणाचा सेन्सर पकडला तर?"

"आपण जोडला तोच पकडतो. प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो. तुमच्या मित्राला म्हणा, सेन्सर घरातच पडला असेल. शोधा."

"पडलेला सेन्सर आकडा दाखवतो?"

"नाही ना. फिरला पाहिजे." त्याने पोह्यांवर तर्री ओतली. "कोणीतरी पेडल मारलं पाहिजे."

"किती लांबून पकडतो?"

"दहा मीटर. भिंत असेल तर तेही नाही. आणि काका, ते सेल वर्षभरच जातात. पाण्यात पडला तर त्याच दिवशी खलास."

"बरं."

"तुमचा मित्र कोण? आपल्या ग्रुपमध्ये आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला ग्रुप नाही."

त्या संध्याकाळी मी फ्रिजपासून दहा मीटर मोजले. पावलांनी. एकीकडे न्हाणीघर येतं. एकीकडे शेजाऱ्यांचा देव्हारा. एकीकडे गॅलरी संपते आणि पुढे सहा मीटर नुसती हवा येते, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर.

मी मोजलं आणि आत येऊन जेवलो.

नोव्हेंबरात गावाहून निरोप आला. पुतळा करायचं ठरलं होतं.

ज्याचं प्रेत मिळत नाही, त्याचा पुतळा करून जाळतात. पळसाची तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ, अंगावर त्याचेच कपडे. तो जळला की माणूस रीतसर मेला. त्याआधी घरातलं सुतक फिटत नाही. सुतक असलेल्या घराने पाण्यात जाळं टाकायचं नाही. आणि आमच्या सासुरवाडीला तलाव साऱ्या मोहल्ल्याचा एकत्र असल्यामुळे, एकाचं सुतक म्हणजे सगळ्यांची जाळी खुंटीला. तीन महिने.

एक गोष्ट आणखी. पुतळा जाळल्यावर तो माणूस जिवंत परत आला, तर त्याला घरात घेत नाहीत. तो मेलेला असतो. दारात उभा राहून त्याने कितीही सांगितलं, तरी.

घनश्यामची बायको रीता. लग्नाला सहा वर्षं. तिचं एवढंच म्हणणं होतं, की थांबा.

पंधरा तारखेला, शनिवारी दुपारी, आम्ही कारने निघालो. नूतन शेजारी. मीटर माझ्या शर्टाच्या खिशात. का घेतला? फ्रिजवर एकटा ठेवायला नको वाटला.

गोंडपिपरी गेलं. आष्टीचा पूल आला. वैनगंगा खाली पसरलेली, पाणी संथ.

पुलाच्या मधोमध... टुक.

मी खिसा वाकवून पाहिलं. ५४.

गाडीचा वेग साठ होता.

आरशात पाहिलं. मागे लोहखनिजाचा ट्रक, त्याच्या मागे आणखी एक. त्यांची लाल धूळ. धुळीत सायकल नव्हती.

वेग सत्तर केला. ५४.

चाळीस केला. ५४.

पुढे एका पळसाखाली गाडी थांबवली. नूतनला म्हटलं, पाय मोकळे करतो. उतरलो. रस्ता रिकामा. शेतात धान कापून पडलेलं. कोणी नाही. आवाज नाही. कारचं इंजिनही बंद.

५४... ५४... ५४.

दहा मीटरच्या आत कोणीतरी पेडल मारत होतं. थांबलेल्या गाडीजवळ. कुठेही न जाता.

"झाले का पाय मोकळे?" नूतन म्हणाली.

"झाले."

संध्याकाळी अंगणात बैठक बसली. मोहल्ल्याचे बारा-पंधरा लोक. मधे श्रावणभाऊ, जातीतले जाणते. बोलायला गोड, ऐकायला जड.

"लटारूभाऊ, तुह्या दुःखात सारे आहेत," श्रावणभाऊ म्हणाले. "पण तीन महिने झाले. जाळे वाळून राह्यले. उंदरं कुरतडून राह्यले. मासोया बी आता आपल्याले ओळखत नसतीन."

कोणीतरी हसलं. हसून गप्प बसलं.

सासरे खाली पाहत होते. "मी त म्हणलं, पाण्यात नाई."

"मंग कुठी आहे?"

"ते मले काय माहीत? मले पाण्यातलं समजते. जमिनीवरचं नाई समजत."

"जमिनीवर असता त आला असता ना, भाऊ. त्याचे काई पाय मोडले का?"

मी खिशावर हात ठेवला. मीटर कोमट झाला होता. आम्ही गावात शिरल्यापासून आकडा एकदाही गेला नव्हता. घर, अंगण, जेवण, सगळीकडे ५४.

रीता दारात उभी होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजींले विचारा," ती म्हणाली. "ते शिकेल आहेत. ते म्हणतीन तसं."

"हे बराबर," श्रावणभाऊ म्हणाले. "सांगा जवाईबापू."

माझं मत आयुष्यात दोनच वेळा विचारलं गेलं आहे. पहिल्यांदा कॉलेजच्या भिंतीच्या रंगाबद्दल, आणि तेव्हाही डबे आधीच आणलेले होते. मी म्हणालो, जरा विचार करतो. उठून मागच्या परसात गेलो.

रीता मागून आली.

"एक सांगू का, भाऊजी? हसू नोका."

"बोल."

"रोज सकाळी मागं चैनीचा आवाज येते. किरकिर, किरकिर. दार उघडलं त कोणी नाई. मंग थांबते. मामाजींले सांगतलं त ते म्हणतात, सुतार पक्षी आहे." तिने मागचं दार ओढून घेतलं. "मी चार महिने रोज तो आवाज आयकला. पक्षी मले समजते."

मी परसात नजर फिरवली.

"त्या सायकलीचं मशीन होतं ना तुमच्यापाशी? पाय किती फिरते ते सांगणारं? हे मले सांगत होते, भाऊजी घरी बसून माहे पाय पाहू शकतात म्हणून." ती हसली. त्यांच्यात हा विनोद झाला असणार. "ते काही सांगते का?"

दहा मीटर. परसात एक पेरूचं झाड, एक सिमेंटची टाकी, आम्ही दोघं.

खिशात ५४.

मला तिला सांगता आलं असतं. मी काय सांगणार होतो, याचाही विचार केला. की तुझा नवरा इथे आहे, दिसत नाही, पण पेडल मारतो आहे. त्यावर श्रावणभाऊ म्हणाले असते, जवायाला बाधा झाली. नूतन म्हणाली असती, दोन महिने मला का नाही सांगितलं. कॉलेजात कळलं असतं. हे सगळं मी त्या पेरूखाली उभा राहून नीट, क्रमाने मोजलं.

"ते बंद पडलं," मी म्हणालो.

"कवा?"

"तेव्हाच. ऑगस्टमध्ये."

"बरं," रीता म्हणाली.

आम्ही अंगणात आलो. मी बैठकीला सांगितलं, करून घ्या. श्रावणभाऊंनी मान डोलावली. शिकलेला माणूस असाच असतो, असं काहीतरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानं मोजायचं काम माझ्याकडे आलं. शिकलेला म्हणून. तीनशे साठ. मी तीनदा चुकलो. दर वेळी चोपन्नला आलो की पुढचा आकडा आठवत नव्हता. शेवटी सासूबाई देवकाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी मोजली. स्वतःच्या मुलाची. आवाज न चढवता.

पुतळा साडेदहाला तयार झाला. ड्युटीचा निळा शर्ट, पँट, नारळावर रुमाल. पाय पळसाच्या काड्यांचे, पानांनी गुंडाळलेले. घनश्यामच्या पायांपेक्षा बारीक.

नेण्याआधी प्रेताच्या पायाचे अंगठे बांधतात. चालू नये म्हणून. पुतळ्यालाही चुकत नाही. श्रावणभाऊंनी सुतळी घेतली. दोन्ही पाय जुळवले. एक वेढा. दुसरा वेढा. गाठ मारून आवळली.

खिशात काहीतरी बदललं. कसं कळलं ते सांगता येत नाही. मी पाहिलं.

५४...

३०...

११...

०.

रेघा नाहीत. शून्य. मी वर सांगितलं होतं. रेघा म्हणजे सेन्सर नाही. शून्य म्हणजे सेन्सर आहे, जवळ आहे, पाय फिरत नाहीत.

पुतळा उचलला. पाळीवरून चाललो. पाच मिनिटं. दहा. वीस. पाय थांबले की पाच मिनिटांत सेन्सर झोपतो.

हा झोपला नाही. ०. ०. ०.

बायका पाळीवर थांबल्या. आम्ही खाली, तलावाच्या कोरड्या काठावर उतरलो. लाकडं रचलेली होती. सासऱ्यांनी पाणी फिरवलं. बापाने मुलाला अग्नी द्यायचा, हे जगात कुठेच बरं दिसत नाही. त्यांनी चेहरा न हलवता दिला. साडेअकरा वाजले असावेत.

पळस चांगला पेटत नाही. आधी धूर झाला. मग शर्टाने पेट घेतला. मी मागे उभा होतो, मीटर खिशातून काढून हातात धरलेला. कोणाचं लक्ष नाही, असं मला वाटलं.

जाळ पायांकडे सरकला. सुतळी काळी पडली. लाल झाली...

तुटली.

पाय एकमेकांपासून जरासे बाजूला झाले. जळताना होतात. मी आधीही पाहिलं आहे.

मीटरवर १२.

२९.

५४.

मला वाटलं, आता थांबेल. त्याचा आकडा आला, आता हा तिथेच राहील.

६८.

८३.

प्रफुल म्हणायचा ऐंशी-नव्वद. घनश्याम आयुष्यात तिथे गेला नव्हता.

९७... ११०... ११९...

इतक्या वेगात माणूस बसून पेडल मारू शकत नाही. सीटवरून उठतो. सगळं अंग हलतं. श्वास फुटतो. हे मला माहीत आहे, कारण एकदा कुत्री मागे लागली तेव्हा मी एकशे चारला गेलो होतो आणि नंतर रस्त्याच्या कडेला ओकलो होतो.

१२६.

मी आजूबाजूला पाहिलं. धूर सरळ वर जात होता. लोक तंबाखू मळत होते. पाण्यावर एक पाणकोंबडी.

१३१.

नारळ फुटला. मोठ्याने. दोघं-तिघं दचकले आणि मग समाधानाने एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. झालं.

मीटरवर दोन रेघा होत्या.

त्यानंतर सगळ्यांनी तलावात अंघोळ केली. सुतक फिटलं. दुपारी मोहल्ल्याने पहिलं जाळं टाकलं. ओढायला सहा माणसं लागली. श्रावणभाऊ म्हणाले, तीन महिन्यांत मासोळी माजली. संध्याकाळी प्रत्येक घरात रस्सा शिजला. मीही खाल्ला. चव चांगली होती, हे लिहिताना कसंतरी होतं, पण होती.

निघताना नूतन गाडीत बसली. मी डिकीत पिशव्या ठेवत होतो. रीता आली. कपाळ मोकळं. हातात आमच्यासाठी बांधलेली तांदळाची पिशवी.

"भाऊजी," ती म्हणाली. "पाळीवरून दिसते सारं."

मी डिकीचं झाकण धरून उभा राहिलो.

"तुमच्या हातात ते होतं. लाइट लागून होता."

नाही म्हणता आलं असतं. पण ते माझं एकदा म्हणून झालं होतं.

"हो," मी म्हणालो.

ती रडेल असं वाटलं. ओरडेल असं वाटलं. तिने पिशवी डिकीत ठेवली, कलंडू नये म्हणून बाजूला दाबली.

"किती होतं?"

"आधी शून्य. मग एकशे एकतीस."

"म्हणजे जोरात?"

"खूप जोरात."

तिने तलावाकडे पाहिलं. तिथे अजून थोडा धूर होता.

"येऊन राह्यले होते," तिने विचारलं, "का जाऊन राह्यले होते?"

मी तोंड उघडलं. गॅस संपत आला आहे असं काहीतरी सांगावं, असंही मनात आलं.

केडन्स सेन्सर पाय किती फिरतात ते मोजतो. कुठल्या दिशेला, ते त्याला कळत नाही. घराकडे येणारे पाय आणि घरापासून पळणारे पाय, दोन्हींचा आकडा सारखाच.

"ते त्याच्यात दिसत नाही," मी म्हणालो.

रीताने मान हलवली. आत गेली. आम्ही निघालो.

पुलावर मीटर वाजला नाही. घरी वाजला नाही. आज सहा महिने होतील, रेघा आहेत. प्रफुलला परवा मी सगळं सांगितलं, मित्राचं नाव न घेता. तो म्हणाला, काका, सेल संपला असेल, नवीन टाकायला सांगा. मी म्हटलं, सांगतो.

रीता अजून त्याच घरात असते. आमच्याशी बोलते. सणाला मासोळी पाठवते. तो प्रश्न तिने परत विचारला नाही.

विचारला तर काय सांगायचं, ते मी रोज सकाळी सहा दहाला उठून ठरवतो.